आधी हद्द कायम करा, मग गवत उपटा

गाजर गवताची भारतातली शास्त्रीय नोंद 1956 साली राव नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुण्यातून केली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आलं असं म्हणतात. तो गहू घ्यायला माणसं रेशनच्या रांगेत उभी राहिली. गवत मात्र रांगेत थांबलं नाही. ते थेट यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीपर्यंत येऊन पोचलं. सरकारी योजना इतक्या आतवर पोचल्याची उदाहरणं कमी आहेत.

आता हे गवत काढायचं कोणी? प्रश्न सोपा वाटतो, कारण तुम्ही कधी कार्यालयात अर्ज दिलेला नसतो. नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या कडेचं गवत महामार्गवाल्यांचं. गावाकडे वळलात की ते बांधकाम खात्याचं होतं; पण बांधकाम जिल्हा परिषदेचं की राज्याचं, हे रस्त्यावरची पाटी वाचून ठरतं आणि पाटी गवतानं झाकलेली असते. गावठाणातलं ग्रामपंचायतीचं. गायरानातलं ग्रामपंचायतीचं असतं, पण जमीन महसूलची. जंगलाला लागलं की वन खात्याचं, आणि त्या खात्याच्या डोक्याला घाणेरी आणि रानतुळस आधीच आहे. धुऱ्यावरचं दोन्ही शेजाऱ्यांचं, म्हणजे मोजणी होईपर्यंत कोणाचंच नाही. अशा वेळी कार्यालयात होणारा संवाद साधारण असा:

"साहेब, रस्त्याच्या कडंचं गवत काढून द्या ना. त्याचं बी माह्या वावरात येते."

"वावरात आलं की ते तुमचं."

"अन् रस्त्यावर हाये तोवर?"

"तोवर ते आमच्या हद्दीत आहे. तुम्ही हात लावू नका."

एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात. मोहरीहून बारीक, काळं बी. वाऱ्यानं जातं, नाल्याच्या पाण्यानं जातं, बैलाच्या खुराला आणि ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून जातं. ना-हरकत प्रमाणपत्र ते कुठंही मागत नाही.

बरं, सरकार काहीच करत नाही असं म्हणणं अन्याय होईल. जबलपूरला केंद्राची तण संशोधनाची मोठी संस्था आहे आणि दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळतात. आता हे झाड कसं वाढतं ते पाहा. पहिला पाऊस झाला की जमिनीला चिकटून गाजराच्या पाल्यासारखी पानं पसरतात. तेव्हा माती ओली असते, दोन बोटांत धरलं तरी मुळासकट येतं. महिना-दीड महिन्यात ते गुडघ्याला लागतं, पुढं कमरेला, आणि टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं धरतात. संस्थेची पत्रकंसुद्धा फुलोऱ्याआधी उपटा, असंच सांगतात. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस पडतो आणि ऑगस्टच्या मध्यावर जागृती येते. तोवर गवत आपल्याआधी जागं झालेलं असतं. मग शाळेची पोरं रांगेत उभी करतात आणि उघड्या हातांनी ते उपटायला लावतात. फुलावर आलेलं झाड हलवलं की पराग उडतो. खाज आणि दमा त्यातूनही येतो.

जुलैची एक तारीख हाताशी होती. त्या दिवशी कृषिदिन असतो, वसंतराव नाईकांची जयंती. नाईक शेजारच्या पुसद तालुक्यातले, गहुलीचे. पण त्या दिवशी झाड लावायचं असतं, उपटायचं नसतं. दोन्ही कामं एका दिवशी केली तर फोटोचा मथळा काय द्यायचा?

मग उरतो फवारा. इथं जरा जपून बोललं पाहिजे, कारण 2017 मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. तरी ग्लायफोसेटच्या नियमावर हसल्याशिवाय राहवत नाही. हे तणनाशक कागदावर चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. यवतमाळ जिल्ह्यात चहाच्या टपऱ्या आहेत, मळे नाहीत. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं आणखी एक अधिसूचना काढली: परवानाधारक कीडनियंत्रकाशिवाय ते कोणी वापरू नये. म्हणजे झुरळं मारायला शहरात जो माणूस येतो, त्याला धुऱ्यावर बोलवायचं. इकडे वावरात चोर बीटी, म्हणजे तणनाशक सोसणारी पण मंजुरी नसलेली कपाशी, उभी आहे, तिच्यावरून हेच औषध सर्रास फिरतं, आणि कायदेशीर जागेवर, म्हणजे रस्त्याकडेला, पंप घेऊन कोणी उभा नाही.

या सगळ्यात काम करणारा एकच प्राणी मला माहीत आहे: मेक्सिकन भुंगा. 1984 मध्ये बंगळुरूला सोडला. पानं खातो, पावसाळाभर खातो, नंतर जमिनीत जाऊन झोपतो. भत्ता नाही, बदलीची विनंती नाही. साहजिकच त्याची चौकशी झाली. तो सूर्यफुलाची पानं खातो अशी तक्रार कर्नाटकातून आली, केंद्रानं समिती नेमली, त्याला सोडणं थांबवलं आणि पुढं काही वर्षांनी ते पुन्हा सुरू झालं. गवतानं मात्र तेवढ्या वर्षांत थांबायची गरज मानली नाही.

गायरानात तरोटा पेरा, तो गाजर गवताला दाबतो, अशीही शिफारस आहे. विदर्भात ती पाळणं अवघड. पहिल्या पावसाचा कोवळा तरोटा खुडून त्याची भाजी होते, आणि सरकारनं पेरलेला म्हणून कोणी तो सोडणार नाही.

फुलसावंगीकरांना माझी एकच सूचना आहे. यंदा जूनमध्येच, माती ओली असताना, गावानं मिळून हद्द न विचारता सगळं गवत उपटून टाकावं. हातात मोजे, नाहीतर निदान पिशव्या घालाव्यात. पण शाळेसमोरचा एक वाफा तेवढा राखून ठेवा, फुलोऱ्याआधी कापत राहिलात म्हणजे झालं. ऑगस्टमध्ये गाडी येईल, बॅनर लागेल, आणि साहेबांना उपटायला काहीतरी लागेलच.