वर्तणूक : चांगली

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून मोठा माणूस व्हायला बरेच रस्ते आहेत, पण ते सगळे एस.टी. स्टँडवरून जातात. राजूर घाट उतरायचा आणि मलकापूरला रेल्वे धरायची, नाहीतर चिखली, देऊळगाव राजा करत जालन्याला जाऊन तिथून पुढे पुणं गाठायचं. (खामगाव-जालना रेल्वे झाली तर आणखी एक रस्ता होईल, पण तिची मागणीच शंभर वर्षांहून जुनी आहे, तेव्हा तिच्या भरवशावर कोणी मोठं व्हायचं थांबलेलं नाही.) गेलेला माणूस तीस-पस्तीस वर्षांनी परत येतो, तेव्हा शाळेच्या पटांगणात मांडव पडलेला असतो, माईकवाला ‘हॅलो हॅलो’ करत असतो आणि मागच्या बॅनरवर पाहुण्यांपेक्षा संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो मोठा असतो. सोहळ्याचं नाव ‘यशवंत माजी विद्यार्थी गुणगौरव’.

या सोहळ्यांशी माझा संबंध सन्मानपत्रापुरता. याचं मराठी बरं आहे, असा तालुक्यात एक समज आहे आणि तो मी मोडून काढलेला नाही. त्यामुळे कुठल्या ना कुठल्या शाळेच्या सचिवांचा फोन येतो. “सर, सहा सन्मानपत्रं लागतील. दोन अधिकारी, एक डॉक्टर, एक मिलिटरीवाला, एक उद्योजक आणि एक अमेरिका.” अमेरिकेचं नाव-गाव नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. सन्मानपत्राची चाल ठरलेली असते. माणूस खडतर परिस्थितीतून येतो, जिद्दीच्या जोरावर शिकतो, उत्तुंग भरारी घेतो, आणि एवढं करूनही त्याची मातीशी नाळ तुटत नाही. एकदा एका पाहुण्याच्या वडिलांची जिनिंग होती, घरी जीप होती. म्हणून मी त्याच्या मजकुरातून ‘खडतर’ काढून टाकलं. सचिवांनी ते परत घातलं. म्हणाले, “बाकी पाच जणांना आहे. यांनाच नसलं तर बरं दिसत नाही.”

हे सोहळे बहुधा जूनच्या आसपास का होतात, याचा मी बराच विचार केला आहे. कारण शाळेच्याच दप्तरात आहे. आमच्या पिढीत पोराला शाळेत घालायला बाप यायचा तो वावरातून उठून, हात झटकत. जन्मतारीख विचारली की तो सांगायचा, “मोठ्या पुराच्या साली झाला, गुरुजी.” गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे. कान लागला की पोरगं सहा वर्षांचं, आणि जन्मतारीख १ जून, नाहीतर १ जुलै. एकेका वर्गातली निम्मी पोरं अशी एकाच दिवशी जन्माला आली. त्यातली जी सरकारी नोकरीत गेली ती एकाच दिवशी निवृत्तही होतात, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुटतो. म्हणजे ३१ मे, नाहीतर ३० जून. साहेब मोकळा झाला, पेन्शनचे कागद गेले आणि गाव आठवलं, की शाळा लगेच सत्कार ठेवते.

आता जून म्हणजे आमच्याकडे काय, हे सोयाबीन पेरणाऱ्याला विचारावं. कृषी केंद्रापुढे बियाण्याची रांग, डोळे आभाळाकडे, आणि पाऊस पडला तर रात्री झोप नाही. म्हणजे गावात राहिलेले जे माजी विद्यार्थी आहेत, त्यांना नेमकं याच दिवसांत शाळेत यायला सवड नसते. जे येतात ते मागे उभे राहतात. मांडव त्यांच्यातल्याच एकाचा असतो, खुर्च्या दुसऱ्याच्या. तिसरा सकाळपासून बट्ट्या तळत असतो, आणि वांग्याच्या भाजीत तिखट किती टाकायचं यावर चौथ्याशी त्याचं भांडण चालू असतं. हे चौघंही त्याच शाळेचे. पण प्रास्ताविकात ‘आपल्या शाळेचे विद्यार्थी आज जगभर पसरले आहेत’ असं वाक्य येतं तेव्हा टाळ्या जगभर पसरलेल्यांना पडतात. सभोवती पसरलेल्यांचा उल्लेख शेवटी, आभारात : ‘ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य केले ते सर्व’.

शालीबद्दल काय लिहावं! पाऊस पडलेला नसतो, मांडवात उकडून जीव जातो आणि अशात त्या साहेबांच्या अंगावर शाल पांघरतात. फोटोपुरता तो माणूस हसतो. मग शाल घडी होऊन मांडीवर, मांडीवरून खुर्चीच्या हातावर, आणि शेवटी ड्रायव्हरकडे. श्रीफळाचंही तसंच. त्यातल्या त्यात सन्मानचिन्ह जपून नेतात, कारण त्यावर नाव असतं. आडनावातली एखादी वेलांटी चुकलेली असते, पण ते घरी गेल्यावर लक्षात येतं.

मग मनोगतं. माझा आवडता भाग हाच. बहुतेक पाहुणे एका गोष्टीवर येतातच : “गुरुजींनी मला छडीनं फोडून काढलं, म्हणून मी आज इथं उभा आहे.” मागच्या एका सोहळ्यात हे वाक्य झालं आणि सगळा मांडव गहिवरला. माझ्या शेजारी त्याच वर्गातला एक गृहस्थ बसला होता. पाच एकर कोरडवाहू, दोन म्हशी. तो माझ्या कानाशी लागला : “मलेबी तेवढंच मारलं होतं, राजेहो.” शिक्षणशास्त्रात याला काय उत्तर आहे मला ठाऊक नाही. पण छडी आणि कलेक्टरकी यांचा संबंध जोडणाऱ्यांनी निदान त्या म्हशीवाल्याची साक्ष काढायला हवी होती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत एक काळा फलक असतो, त्यावर पेंटरनं पांढऱ्या रंगात रंगवलेली नावं : साल, गुणवंत विद्यार्थी, टक्के. वरच्या ओळी जुन्या मॅट्रिकच्या. तिथे साठ-बासष्ट टक्क्यांवर शाळेत पहिला येता येई. खाली येऊ तसे टक्के वाढत जातात आणि अगदी तळाशी जागा संपल्यामुळे दोघी मुली एका ओळीत, त्र्याण्णवच्या पुढे. साठवाल्यानं पुढे काय केलं आणि त्र्याण्णववालीनं काय केलं, ते फलकावर नाही. पेंटरला तेवढेच पैसे दिलेले असतात.

गेलेल्यांवर माझा राग आहे असं कोणी समजू नये. काही जण असे गेले की त्यांचा सत्कार कितीदा केला तरी कमीच. डॉ. हिम्मतराव बावस्कर. गाव देहेड, आमच्या धाडच्या पलीकडचं, जालना जिल्ह्याच्या हद्दीतलं. शाळकरी वयात हा मुलगा बुलढाण्यात शिकायला आला, आणि पडेल ते काम करत शिकला. नागपूरहून डॉक्टर होऊन १९७६ साली तो गेला कुठे, तर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. म्हणजे एका खेड्यातून निघून दुसऱ्या खेड्यात. कोकणात तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं डोळ्यांदेखत दगावत. विष नसानसांत वादळ उठवतं, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध विंचवावर चालतं हे दाखवून दिलं. तीव्र दंशातले ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यू १ टक्क्याच्या आसपास आले. खेड्यातल्या दवाखान्यातली ही निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘बॅरिस्टरचं कार्टं’. या माणसाचं सन्मानपत्र लिहायला मला मिळालं, तर ‘खडतर’ हा शब्द आयुष्यात प्रथमच खरा लिहिल्याचं समाधान लाभेल.

पण राहिलेल्यांचं काय? मेहकरचे ना. घ. देशपांडे घ्या. शेंदुरजनला जन्म, मेहकरला वकिली. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली, तबकडी निघाली आणि मराठी भावगीत घराघरांत गेलं. कविता मुंबईला गेली, कवी मेहकरातच राहिला. १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी मिळाली तरी पत्ता तोच. स्टँडवरून गाडी धरल्याशिवाय मोठं होता येतं, याचा इतका चांगला पुरावा आमच्या जिल्ह्यात असताना आम्ही तो मुलांना फारसा दाखवत नाही. दाखवला तर मुलं शिकायला बाहेर जायची नाहीत, अशी भीती असावी.

दुसरे, अमडापूरचे सदानंद देशमुख. त्यांच्या ‘बारोमास’ला २००४ साली अकादमी मिळाली. त्या कादंबरीतला एकनाथ एम.ए., बी.एड. आहे. शाळेत मास्तर व्हायची पात्रता आहे, पण संस्थेला द्यायला पैसे नाहीत, म्हणून परत वावरात. हा एकनाथ कुठल्यातरी शाळेचा माजी विद्यार्थी असणारच, आणि गुणवंतही. पण कुठलाही सचिव मला फोन करून “पाच अधिकारी आणि एक एकनाथ” असं म्हणालेला नाही. सचिवांची अडचण मी समजू शकतो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आज असते तर हा सगळा प्रकार त्यांच्या हातून सुटला नसता. महाराष्ट्रगीत लिहिणाऱ्या या माणसानं आमच्या जळगाव जामोदला वकिली केली, आणि ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट मराठीत आणून सोडलं. तिघांनी मिळून अशा सोहळ्याची कार्यकारिणी काढली असती, हारांचं कंत्राट बंडूनानांनी घेतलं असतं आणि शेवटी एकमेकांचाच सत्कार उरकला असता. असं आता होत नाही, असं मी म्हणणार नाही.

सोहळ्यात एकच माणूस मला पूर्ण विश्वासाचा वाटतो. तो म्हणजे दोघांनी दंडाला धरून व्यासपीठावर चढवलेले निवृत्त गुरुजी. त्यांना पद ऐकू येत नाही. एकजण वाकून सांगतो, “सर, मी अमुक, सध्या सचिव आहे मंत्रालयात.” गुरुजी विचारतात, “गाव कोणतं?” “साखरखेर्डा, सर.” गुरुजी डोळे बारीक करतात. “कपडे शिवायचा तो तुझा बाप का? माझी पँट त्यानं आखूड केली होती.” मंत्रालय एकदम खाली बसतं. पुढचा येतो. गाव कोणतं? पिंपळगाव सराई. तो तळणीवरून हात पुसत आलेला असतो, त्याला पद नाहीच. गुरुजी दोघांच्याही पाठीवर सारखाच हात ठेवतात. पन्नास वर्षांपूर्वी छडीही त्यांनी अशीच सारखी वाटली होती.

असंच सारखं वाटप शाळेच्या आणखी एका कागदात आहे. शाळा सोडल्याचा दाखला. घरी पेटीत, लग्नपत्रिका आणि सातबाऱ्याच्या मध्ये, आपला असेल तर काढून बघा. पूर्ण नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, अभ्यासातली प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण. प्रगतीपुढे ‘समाधानकारक’, वर्तणुकीपुढे ‘चांगली’. कलेक्टरच्या दाखल्यावर हेच, म्हशीवाल्याच्या दाखल्यावर हेच. ज्यानं प्रयोगशाळेतला पारा खिशात घालून नेला होता त्याच्याही दाखल्यावर हेच. त्या कारकुनानं एका बैठकीत, एकाच टाकानं, सगळ्यांना चांगलं म्हणून टाकलं. माझी सहा सन्मानपत्रं एकीकडे आणि ती एक ओळ एकीकडे. मला ती ओळ जास्त खरी वाटते, आणि तिच्यावर मुख्याध्यापकांची सहीदेखील आहे.

हा दाखला ज्यांना कधी मिळालाच नाही, अशा एक बाई आमच्या बुलढाण्यात होऊन गेल्या. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे इथेच डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे. मुलींना शाळा नव्हती, म्हणून त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बाईमाणसांना झोडपायला घेतलं, तेव्हा ताराबाईंनी पुरुषांचं प्रगतिपुस्तकच भरून दिलं, आणि त्यातला वर्तणुकीचा रकाना काही ‘चांगली’ भरला नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२, पुण्यात छापलेलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. बाकीच्यांनी इतका गहजब केला की बाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. पुढे जवळजवळ शतकभर कोणाला आठवण नव्हती. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून काढलं, आणि आज स्त्रीवादाचा अभ्यास करणारे जगात कुठेही असोत, बुलढाणा हे नाव त्यांना लोणारच्या सरोवराआधी ताराबाईंमुळे भेटतं.

तेव्हा जिल्ह्यातल्या समस्त संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. ताराबाईंना मानद माजी विद्यार्थिनी करून एखाद्या शाळेच्या फलकावर पहिली ओळ त्यांची घाला. टक्क्यांचा रकाना कोरा ठेवला तरी चालेल. दर सोहळ्यात सहापैकी एक सन्मानपत्र गावातच राहिलेल्याला द्या, ते मी फुकट लिहीन, आणि त्यात ‘भरारी’ घालणार नाही. सोहळा पेरणीच्या दिवसांत ठेवू नका, दिवाळीनंतर ठेवा. शालही तेव्हा अंगाला लागेल. आणि वाचकहो, तुमच्या शाळेचं बोलावणं आलं तर जरूर जा. मनोगत मात्र पाच मिनिटांत आवरा, बट्ट्या गार झाल्या की दगड होतात.