दिसणारा फणस

कोकणातल्या सामायिक घराला कुलूप असतं, पण त्याच्या किल्ल्या भावकीत इतक्या वाटलेल्या असतात की त्या कुलपाला फक्त चोर तेवढा भितो. आमचं राजापूर तालुक्यातलं घर याच जातीचं. आगराच्या सातबाऱ्यावरची नावं एका पानात मावत नाहीत. त्यांतली निम्मी डोंबिवलीत, काही पुण्यात, एक टोरांटोत. आणि प्रत्यक्ष घरात राहतात एकटे अण्णाकाका. निवृत्त प्राथमिक शिक्षक. दिवसभर ओटीवर बसून रस्त्याने जाणाऱ्याला "कुणाचा रे तू?" विचारतात आणि उत्तर पटल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

तरीही पाडव्याच्या सुमारास घरच्या ग्रुपवर ठराव आला, की कॅमेरा बसवायचा. कारण दिलं चोरांचं. आता त्या घरात चोरण्यासारखं काय, तर तांब्याचा बंब, तोही गळका. खरं कारण होतं विहिरीजवळचा कापा फणस. मागच्या वर्षी त्याचे फणस कुणी नेले याबद्दल डोंबिवली शाखा पुण्याचं नाव घेते आणि पुणे शाखा डोंबिवलीचं. चोर बाहेरचा असता तर एवढा खर्च करायला कुणीच तयार झालं नसतं.

यात लाजण्यासारखं काही नाही, इतिहास आमच्या बाजूने आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं यंत्र होतं. वेगवेगळ्या मजल्यांवरचे संशोधक जिने चढून-उतरून यायचे आणि पाहतात तो भांडं रिकामं. शेवटी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र सगळ्यांच्या संगणकांवर दिसेल अशी सोय केली. चित्र केवढं, तर १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, कृष्णधवल. म्हणजे ज्याला जगातला पहिला वेबकॅम म्हणतात तोही चोरासाठी नव्हताच. आपल्या आधी कॉफी कोण संपवतं, या सहकाऱ्यांबद्दलच्या निखळ संशयातून तो जन्माला आला. १९९३च्या नोव्हेंबरात तेच चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक ते भांडं बघू लागले. प्रयोगशाळेतला माणूस भांडं भरलेलं दिसलं की उठून कप तरी भरून आणायचा. उरलेल्या जगाला नुसतंच बघायचं होतं, आणि जगाने ते जवळजवळ आठ वर्षं आवडीने बघितलं. २२ ऑगस्ट २००१ला कॅमेरा बंद झाला. ते भांडं ईबेवर श्पीगल ऑनलाइन या जर्मन संकेतस्थळाने ३,३५० पौंडांना घेतलं. हे वाचल्यापासून मी आमच्या बंबाकडे जरा आदराने पाहतो.

मी बँकेत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढ्या पुराव्यावर कॅमेऱ्याची जोडणी माझ्याकडे आली. तो खांबाला ठोकण्याचं काम लांज्याहून आलेल्या पोराने चहा निवायच्या आत उरकलं. ओटीवर उभं राहून फोनमध्ये बघितलं, तर विहीर, फणस, अण्णाकाका, सगळं झकास. पण ओटीवरून विहीर फोनशिवायही दिसते. ती डोंबिवलीतून दिसायला हवी होती, आणि खरी गोम तिथेच असते.

घरातला राउटर कॅमेऱ्याला पत्ता देतो तो बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. हा पत्ता म्हणजे सोसायटीतला फ्लॅट नंबर. चार नंबर आमच्याकडे आहे, तसा तुमच्याकडेही आहे. टोरांटोहून कुणी नुसतं "चार नंबर" म्हणत निघाला तर तो पोचणार कुठे? म्हणून गेटवरच्या वॉचमनला, म्हणजे राउटरला, सांगून ठेवायचं की ५५४ नंबरचं दार कुणी विचारलं तर त्याला चार नंबरात पाठव. हे झालं पोर्ट फॉरवर्डिंग. शिवाय सोसायटीचा पत्ताही मधूनमधून बदलतो, त्यासाठी डायनॅमिक डीएनएस नावाची आणखी एक तजवीज. दोन्ही नीट केलं, तरी बाहेरून काळोखच. कारण आमचा राउटर सिमकार्डावर चालतो, आणि त्याला कंपनीकडून मिळालेला पत्ता १०० या आकड्याने सुरू होत होता. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटी. ते कधीच अपुरे पडले. म्हणून कंपन्या असंख्य ग्राहकांत मिळून एकच खरा पत्ता वापरतात, आणि आतल्या वाटपासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली राखून ठेवला गेला. थोडक्यात, आमच्या सोसायटीभोवती एक टाउनशिप आहे, तिच्या गेटवर दुसरा वॉचमन आहे, आणि तो आमचं ऐकत नाही.

हे सगळं मी अण्णाकाकांना पाटीवर आकृती काढून समजावलं. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेला माणूस. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "त्यापेक्षा मला फोन करा. फणस आहे की नाही ते मी सांगेन." हा मुद्दा ग्रुपवर चर्चेला घेण्यात आला नाही.

अखेर उपाय निघाला तो कॅमेऱ्याच्या पोटावरच्या क्यूआर कोडमधून. यात बाहेरून कुणी आत येतच नाही; कॅमेरा स्वतःच बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरला हाक मारून ठेवतो, आपला फोनही तिथेच जातो, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. दोघांचं थेट जमलं तर ठीक, नाही तर सगळं चित्र सर्व्हरमार्फत. म्हणजे आमच्या विहिरीचं दृश्य कुठल्या कुठे प्रदक्षिणा घालून डोंबिवलीला पोचतं.

मग पासवर्ड. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नये, हे मी जरा कडक आवाजात सांगितलं. २०१६ साली मिराई नावाचा एक व्हायरस असे साठेक ठरावीक पासवर्ड घेऊन जगभर दारं ठोठावत फिरला आणि लाखभराहून जास्त कॅमेरे-राउटर त्याने आपल्या फौजेत भरती केले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेने केलेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं कित्येकांना उघडेनाशी झाली. "आपल्या ओटीवरून अमेरिका बंद पडायला नको," या माझ्या वाक्याचा परिणाम झाला आणि नवा पासवर्ड एकमताने ठरला: कुलदेवतेचं नाव. परका चोर यामुळे हतबल होईल हे खरं. आमचा संशय ज्यांच्यावर होता, ते मात्र त्याच देवतेला दरवर्षी नारळ ठेवतात.

पहिल्याच दिवशी दुपारी चित्र बंद. सिमकार्डावर रोजचा दोन जीबी डेटा, आणि चांगलं चित्र तासाला जवळपास एक जीबी खातं. चौकशीत निघालं की टोरांटोच्या वहिनी डोळा लागत नाही म्हणून विहीर लावून पडल्या होत्या. चित्राचा दर्जा उतरवला, आणि आमच्या घरी देवाच्या पूजेला पाळी आहे, तशी कॅमेऱ्यालाही लागली.

रात्रीचा प्रकार वेगळाच. अंधारात बघण्यासाठी कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. कॅमेरा ऐन दिव्याखालच्या खांबावर, तिथे किडे येतात. किड्यांमागे कोळी येतो आणि जाळं थेट भिंगासमोर विणतो. वाऱ्यावर हलणारा तो धागा चित्रात पांढरा, जाडजूड आणि हातभर लांब दिसतो. रात्री दोनला "हालचाल आढळली" असा इशारा सगळ्यांच्या फोनवर. टोरांटोत तेव्हा दुपारचे साडेचार, त्यामुळे तिथला भाऊ टक्क जागा. डोंबिवलीच्या मते चोर. पुण्याच्या आत्या म्हणाल्या, राखणदार आहे, नारळ द्या. अण्णाकाकांना उठवलं. हिराची केरसुणी पडद्यावर आली, सगळं एकदा ढवळून गेली, आणि मागून आवाज आला, "कोळी आहे. राखणदार एवढा वळवळत नाही."

आवाज आला, कारण कॅमेऱ्याला माइक आहे. स्पीकरही आहे, आणि तो नसता तर बरं झालं असतं. एकदा आगरात माकडं शिरलेली टोरांटोच्या भावाने बघितली आणि तिथून जीव खाऊन "हाड! हाड!" केलं. चित्र यायला काही सेकंद, आवाज जायला आणखी काही. तेवढ्यात माकडं पसार झाली होती आणि घरपट्टीची पावती घेऊन ग्रामपंचायतीचा शिपाई पायरी चढत होता. खांबातून आलेलं "हाड" त्याने ऐकलं, खांबाकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि पावती पायरीवर ठेवून गेला.

फणस तयार झाला मिरगाच्या तोंडावर. सगळ्या शाखांनी पडद्यावर तो वाढताना बघितला, त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, कधी जायचं याच्या तारखा ठरवल्या आणि मोडल्या. एके सकाळी अण्णाकाका गड्याला घेऊन विहिरीकडे आले. गडी वर चढला, फणस सुंबाने बांधून हळू उतरवला, काकांनी बोटाने वाजवून बघितला आणि तिथल्या तिथे शेजारच्या घरी देऊन टाकला. मग दुसरा उतरवला. तो शाळेच्या पोरांना. चोर सापडला होता, भरदिवसा, स्वच्छ चित्रात. डोंबिवली आणि पुणे यांचं त्या दिवशी चोराबद्दल प्रथमच एकमत झालं. खांबातून एकाच वेळी तीन आवाज ओरडू लागले, त्यामुळे काकांना काहीच नीट ऐकू आलं नाही. ते खांबापाशी आले, वर बघितलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून चित्र पांढरं. नीट बघितल्यावर कडेला लाल काठ दिसला: पंचा. काढा म्हटलं तर म्हणाले, वाळला की काढतो. मिरग लागला होता, वाळणार कधी? ग्रुपवर पुन्हा ठराव आला: गोठ्याच्या बाजूने दुसरा कॅमेरा लावायचा, म्हणजे पहिल्यावर काय टाकलंय ते तरी दिसेल. काकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन केला.

"लावा की," काका म्हणाले, "पंचे दोन आहेत."