उरलेल्या भागांची बंदूक

टेक्ससमध्ये राहून बंदूक न घेणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा न चाखणं, असं आमच्या साडूभाऊंचं मत आहे. साडूभाऊ मूळचे साताऱ्याचे. त्यामुळे शस्त्र आपल्या रक्तातच आहे असा त्यांचा दावा असतो. वडील जिल्हा परिषदेत हिशेबनीस होते, हे ते सांगत नाहीत. एच-वन व्हिसावर सहसा बंदूक घेता येत नाही, म्हणून रक्त इतकी वर्षं थोपवून धरलं होतं. ग्रीनकार्ड हातात पडलं, दुकानात फॉर्म भरला, एफबीआयकडून नावाची शहानिशा झाली आणि रुगर कंपनीची टेन-ट्वेंटीटू घरात आली.

ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल 1964 सालापासून बनते आहे. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप येऊन बसते. काडतूस पॉइंट ट्वेंटीटू, म्हणजे अगदी किरकोळ अंगलटीचं. दहा गोळ्यांचं मॅगझीन दस्त्याच्या पोटात गडप होतं. वजन पाच पौंड. अमेरिकेत कित्येक पोरं पहिला नेम हिच्यावरच धरायला शिकतात. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी गुणी बंदूक. खोट एकच: नळी रिसीव्हरला, म्हणजे बंदुकीच्या मधल्या सांगाड्याला, दोन स्क्रूंनी धरलेली असते. ऍलन की असलेला कोणताही नवरा डायनिंग टेबलावर ती बदलू शकतो. एवढी मोकळीक नवरेमंडळींना द्यायला नको होती.

सुरुवात झाली एका खुंटीपासून. गोळी सुटली की आतला सरकता बोल्ट मागे येतो आणि रिसीव्हरमधल्या लोखंडी खुंटीवर आदळतो. त्या जागी प्लॅस्टिकची खुंटी बसवली की आवाज मऊ होतो म्हणे. साडूभाऊंनी ती मागवली, बसवली आणि मला रेंजवर नेलं. ‘‘फरक कळला का?’’ दोघांच्याही कानांवर जाडजूड संरक्षक बोंडं होती. मला त्यांचा प्रश्नसुद्धा त्यांच्या ओठांवरून वाचावा लागला.

मग त्यांनी जाड नळी आणली. तिचा व्यास 0.92 इंच. ती मूळ दस्त्याच्या खाचेत मावेना, म्हणून नवा दस्ता आला. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा जुन्या नळीवरच राहिल्या, म्हणून दुर्बीण आली. दुर्बीण इतकी उंच बसली की डोळा लावायला गेलं तर गाल दस्त्यावर टेकेना, म्हणून गालाखाली उशी आली. एवढं सगळं झाल्यावर बंदूक हातात पेलेना, म्हणून तिला पुढे दोन पाय लावले. त्या पायांसाठी दस्त्याला भोक पाडावं लागलं, म्हणून ड्रिल मशीन आलं. ड्रिल मशीन ‘घरासाठी’ या खात्यात नोंदवलं आहे. हिशेबनिसाचं रक्त जागं होतं ते अशा ठिकाणी.

चाप बदलताना टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं. मूळ चाप जड आणि खरखरीत आहे, नवा लोण्यासारखा, अशी खरेदीमागची भूमिका. त्या कामात जमिनीवर पडलेली एक बारीक स्प्रिंग शोधायला आम्ही दोघं टेबलाखाली रांगत असताना मेहुणी आली. ‘‘भाऊजी, निदान तुम्ही तरी यांना समजवा हो,’’ एवढंच म्हणून ती चहा ठेवायला गेली. मी समजावलं नाही. टॉर्च धरणाऱ्याचं कोण ऐकतो?

2024 साली पॅरिसला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा तर साडूभाऊंना वकीलच मिळाला. ‘‘बघा, त्यांच्या बंदुकीला किती स्क्रू असतात! गालाची पट्टी खालीवर, खांद्याची मागेपुढे. काडतूस कुठलं? पॉइंट ट्वेंटीटूच!’’ काडतुसाचं खरं आहे. पण त्या रायफलीत एका वेळी एकच गोळी भरतात, आणि 50 मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं. तो मुलगा स्क्रू पिळतो आणि मग नेम मारतो. आमच्याकडे स्क्रू पिळून झाले की पार्सल येतं. रेंजवर जायला रविवार उरतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की साडूभाऊंना नेमबाजी नकोच आहे. त्यांना पाना फिरवायला एक जागा हवी होती.

आता त्या बंदुकीत रुगरचं म्हणावं असं फक्त रिसीव्हर उरलं आहे. बोल्टसुद्धा परवा बदलला. गंमत अशी की अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या नजरेत तेवढं रिसीव्हर म्हणजेच बंदूक. बाकी नळी, दस्ता, चाप हे सगळं साधं सामान. घरपोच येतं, फॉर्म लागत नाही.

तेव्हा डॅलसच्या आसपासच्या मराठी मंडळींना विनंती. गॅरेजमधल्या खोक्यात लाकडी दस्ता, साडेअठरा इंची नळी, बोल्ट, चाप आणि ती लोखंडी खुंटी जवळजवळ कोरी पडून आहे. रिसीव्हर तेवढं तुमचं तुम्ही, रीतसर फॉर्म भरून आणायचं. भारतातल्या वाचकांनी चौकशी करू नये. तिथल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच ठरतो. सामान फुकट आहे, पण शनिवारी सकाळी मेहुणी योगाच्या क्लासला गेल्यावरच यावं, आणि किमती विचारू नयेत.