९९ रुपयांचं हसू

डोंबिवलीकराला रंगांचं अप्रूप राहिलेलं नाही. २०१४ च्या जानेवारीत आमच्याकडे हिरवा पाऊस पडला. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि टीव्हीवर झळकला. पांढरा तेवढा बाकी होता. तो स्टेशनजवळच्या केमिस्टकडे ९९ रुपयांत ट्यूबमधून मिळतो, हे मला दिवाळीच्या तोंडावर कळलं.

निमित्त दिवाळीचं, कारण साडूंचं. आमचे साडू ठाण्याला, घोडबंदर रोडवर टॉवरात राहतात. ठाणेकर डोंबिवलीकराशी मुळातच जरा वरून बोलतो; साडू आता वरून हसायलाही लागले होते. क्लिनिकमध्ये जाऊन त्यांनी दात पांढरे करून घेतले होते. तो प्रकार खरा आहे, हे मान्य करायला हवं. पेरॉक्साइड दाताच्या आत शिरतं आणि रंगाचे कण फोडतं. मात्र डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस चहा, हळद आणि रंगीत काहीही वर्ज्य सांगितलं. मराठी घरात हे एकादशीहून कडक झालं. एकादशीला निदान चहा तरी चालतो. मामलेदार मिसळीच्या दारावरून साडू दहीभात खायला घरी परतले, हे मेहुणीने आम्हाला वारी केल्याच्या अभिमानाने सांगितलं.

नरकचतुर्दशीच्या सकाळी अख्खी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर येते. गणपतीचं दर्शन घेते आणि मग फोटो काढते. हल्ली क्रम उलटा असतो, पण ते असो. यंदा साडूही येणार होते. एकाच फोटोत आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो असतो, तर खाली ‘वापरण्यापूर्वी’ आणि ‘वापरल्यानंतर’ एवढंच लिहायचं बाकी राहिलं असतं.

क्लिनिकच्या बिलाचा आकडा ऐकूनच माझे दात आंबले होते. म्हणून ट्यूब आणली आणि तिच्यावरचा मजकूर भिंग लावून वाचला. लोकलमध्ये उभ्याने पेपर वाचायची सवय असलेल्या माणसाला एवढं जमतं. त्यात दोन गोष्टी कामाच्या निघाल्या. एक सिलिका, म्हणजे घासणारी बारीक पूड. चहाचे, तंबाखूचे वरवरचे डाग ती खरवडते. पेस्ट किती खरवडते हे मोजायचं ‘आरडीए’ नावाचं एक माप आहे आणि त्याची आंतरराष्ट्रीय कमाल मर्यादा २५० आहे. माझ्या ट्यूबवर ते माप कुठेच नव्हतं. दुसरी गोष्ट, ‘सी.आय. ७४१६०’ असा एक आकडा. हे निळं रंगद्रव्य. छपाईच्या शाईत आणि ऑइलपेंटमध्येही हेच वापरतात. पेस्टमध्ये अगदी नावाला असतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. ते दातांवर पातळ निळसर थर धरतं आणि पिवळेपणा झाकला जातो. आई माझ्या शाळेच्या शर्टाला शेवटच्या पाण्यात नीळ द्यायची, तोच हा प्रयोग. शर्ट तरी आठवडाभर टिकायचा. हा रंग एका कटिंगचा धनी.

डोंबिवलीत राहून दातांसाठी परक्या ट्यूबकडे जाणं तसं कृतघ्नपणाचं. विकोचा कारखाना आमच्याच गावात. १९५२ साली ती कंपनी काढणाऱ्या केशव विष्णु पेंढरकरांच्या नावाचं कॉलेजही इथलंच. वज्रदंती हे औषध मानायचं की सौंदर्यप्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ते औषध ठरलं. माझ्या ट्यूबचं प्रकरण कोर्टात गेलं असतं तर पहिल्या तारखेलाच निकाल लागला असता: निव्वळ शृंगार.

तरीही मी इमानेइतबारे घासत राहिलो. रोज सकाळी खिडकीत उभं राहून, बत्तिशी काढून, घरच्यांना विचारायचो. “काल तुम्ही ट्यूबलाइटखाली उभे होतात, आज उन्हात आहात,” असा बायकोने पुराव्याचा कायदा काढला. मुलाने मोबाइलमधून मान न काढता सांगितलं, “बाबा, ब्युटी मोड लावा ना. फुकट आहे.” खोक्यात दातांच्या छटांची एक कागदी पट्टी होती. दंतवैद्यांकडच्या पट्टीवर सोळा छटा असतात. आमच्या पट्टीवर मोजक्याच होत्या आणि माझी छटा त्यांत नव्हती. लोकलचा डबा इतका भरलेला असतो की डोंबिवली ते ठाणे तोंड उघडायला जागा नसते, त्यामुळे सहप्रवाशांचं मतही मिळेना.

मग कल्याणला पारनाक्यावर आत्याकडे गेलो. आत्या ऐंशीच्या पुढची. दात सगळे स्वतःचे, रंग हस्तिदंती, आणि चकली अजून कडकच लागते. जन्मभर गोवऱ्यांची राखुंडी लावली, मीठ-लवंग घालून. (राखुंडीही दातांना खरवडतेच. आत्याचे दात टिकले ते राखुंडीमुळे की राखुंडी असूनही, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.) मी तिला मॉलमधली कोळशाची काळी पेस्टही दाखवली. “हे आमच्या चुलीत पडलेलं असायचं,” ती म्हणाली. मग माझ्या दातांकडे पाहून, “अरे, दाखवायचे दात हत्तीला असतात. तुला खायचे दिलेत ना?”

दंतवैद्यांचं म्हणणंही आत्याच्याच बाजूला झुकतं. दात मुळात पांढरे नसतातच. वरचं एनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्यातून आतलं पिवळसर डेंटिन डोकावतं. वय वाढतं तसं एनॅमल झिजतं आणि एकदा गेलं की पुन्हा येत नाही. म्हणजे पांढरे व्हावेत म्हणून जो वर्षानुवर्षं जोर लावून घासेल, त्याचं आतलं पिवळं उलट लवकर बाहेर येईल. असा सौदा भाजीवाल्यानेही आजवर माझ्याशी केलेला नाही.

फडके रोडवरचा फोटो निघाला. साडूंचे दात चमकले, माझे मिशीखाली राहिले.

तेव्हा ट्यूब घ्यायची तर घ्या, चहाचा राप थोडा उतरेल. पण ब्रश मऊ घ्या, जोर लावू नका आणि चहा झाला की साध्या पाण्याने चूळ भरा. डाग जुने आणि घट्ट असतील, तर दातांच्या डॉक्टरांकडून एकदा स्केलिंग करून घ्या. माझी ट्यूब अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. घरातली चांदीची निरांजनं मात्र तिने झकास निघतात.