हिची वही

शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "काकूंनी कुटुंब सांभाळून समाजकार्य केलं." भर सभेत खोडून काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहितो. हिने कुटुंब सांभाळून काहीही केलं नाही. कुटुंबालाच कामाला जुंपलं. मी, मुलं, माझी म्हातारी आई, स्कूटर आणि वडिलांनी हौसेनं घेतलेली मोठी पातेली, यांपैकी कुणालाही आधी विचारलेलं नव्हतं.

पातेल्यांचंच सांगतो. त्यांच्या काठांवर वडिलांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. विश्रामबागेतलं आमचं घर कोरडं राहिलं, एवढ्या भांडवलावर हिने त्याचं अन्नछत्र करून टाकलं. शाळेत उतरलेल्या माणसांना सकाळी पिठलं-भात, रात्री भात-पिठलं. पाणी ओसरलं, माणसं घरोघरी गेली, आणि पातेलीही त्यांच्याबरोबर घरोघरी गेली. पुढे एका बारशाला पंगतीत माझ्या पानात आमटी पडली ती थेट वडिलांच्या नावातून. मी हिच्याकडे पाहिलं. "अजून किती ठळक आहे हो नाव," ही कौतुकानं म्हणाली.

पूर कधीतरी यायचा, रक्तदान बारमाही. हिची एक शंभर पानी वही होती. तीत नावं अकारविल्हे नव्हती, रक्तगटवार होती. नातेवाईक, दूधवाला, मुलांचे मित्र, माझे बँकेतले साहेब, सगळे आपापल्या गटात. पुरुषांना पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बायकांना चार. त्या तारखा हिला तोंडपाठ. लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मला करून द्यावी लागे. माझ्या नावापुढे लिहिलंय: "ओ पॉझिटिव्ह. घाबरतो. आधी चहा द्यावा." मुलीला बघायला मुलगा आला तेव्हा पोह्यांची बशी हातात देत हिने पहिला प्रश्न रक्तगटाचा केला. तो "ओ निगेटिव्ह" म्हणाला आणि पगाराचं विचारायचं राहूनच गेलं. जावई चांगला निघाला, हा भाग वेगळा.

मराठीत बायकांनी नवऱ्यांविषयी लिहिलं, आणि काय लिहिलं! रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० सालच्या. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी रेव्हरंड टिळकांना असं काही उभं केलंय की आजही वाचताना हसू आवरत नाही. नवऱ्यांनी बायकांविषयी लिहिलेलं मात्र शोधावं लागतं. मला वाटतं, नवरा लोककार्याला लागला की बायको घरात राहून सगळं टिपत असे. बायको लागली की नवऱ्याला टिपायला सवड कुठली? तो स्कूटर चालवत असतो.

ही गेली ती पहाटे. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ होतं. तरी त्या वेळी मला काही सुचेना. शेजारची सून आली. हिच्याच हाताखाली तयार झालेली. तिने आधी पंखा बंद केला, पापण्या नीट मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी सरकवली. पंख्याच्या वाऱ्यानं बुबुळं कोरडी पडतात. हिने आयुष्यभर माझ्यामागून खोल्याखोल्यांतले पंखे बंद केले ते विजेच्या बिलापायी. हे कारण निराळं. मी विचारलं, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना, चालेल का?" ती म्हणाली, "चालतं, काका. काकूंनीच शिकवलंय." पथक आलं. वीसेक मिनिटांत त्यांचं काम झालंसुद्धा. त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेलो तर साखरेचा डबा सापडेना. तोही कुठल्यातरी शिबिराला गेलेला असणार.

हिचा फोन मी बंद केलेला नाही. मुलगा म्हणतो, कशाला उगीच रिचार्ज. पण मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं थंडावलेली, रक्त साठवून ठेवावं तर साधारण ३५ दिवस, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. मग फोन वाजतो आणि कुणीतरी, ही गेल्याचं माहीत नसलेलं, "काकू, बी निगेटिव्ह मिळेल का?" म्हणून अजिजीनं विचारतं. काकू नाहीत हे सांगायचं, पुढचं ऐकून घ्यायचं आणि वही उघडायची. बी निगेटिव्हच्या पानावर नावं मोजकी आहेत आणि अक्षर हिचं, म्हणजे फोन नंबरातला एक आणि सात ओळखणं नशिबावर. परवा एक नंबर एकदाचा बरोबर लागला.

"मी काकूंचे मिस्टर बोलतोय," मी म्हणालो.

"हां हां," पलीकडून आवाज आला, "घाबरणारे ना? बोला काका, कुठं यायचंय?"