बॉनेटकाका

नाशकात कुठेही गाडीचं बॉनेट उघडा, पाच मिनिटांत बॉनेटकाका हजर. बोलवावं लागत नाही. सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यातून निवृत्त, खिशात बॉलपेनशेजारी टेस्टर, हातात दुधाची पिशवी. नव्या गाड्यांकडे ते ढुंकून बघत नाहीत. "त्यात काय, मशीन लावलं की कोड येतो." त्यांना म्हातारी गाडी लागते, आणि त्यातून कॉन्टेसा असली तर दुधाचं काय व्हायचं ते होवो.

"१९८४ ला आली, २००२ ला संपली. मूळची इंग्रजांची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, बरं का. इंजिन नंतर जपान्यांचं, इसुझू." एवढा कुळवृत्तांत झाल्याशिवाय नाडीला हात नाही. मालक बापडा सांगत असतो, की पॉवर स्टेअरिंग तापतं, पंप कण्हतो आणि थोड्या वेळाने चाक जड होतं.

काका पट्टा अंगठ्याने दाबून बघतात. ऑइलच्या टाकीचं झाकण काढून काडीवरचा एक थेंब 'गावकरी'च्या कोपऱ्यावर टेकवतात. लाल ऑइल काळपट झालेलं असतं. मग ते कागद नाकाशी नेतात, डोळे मिटतात. "जळलंय." टाकीत फेस दिसला तर, "पाइपातून हवा ओढतोय." खोटं कशाला बोला, इथपर्यंत माणूस अस्सल कारागीर असतो. पुढे मालकाची उलटतपासणी. "ब्रेक ऑइल तर नाही ना ओतलंत यात?" डॉक्टर दारूबद्दल विचारतात, त्याच सुरात. "रबरी सीलं फुगतात. खरं सांगा." मालक नाही म्हणतो. काकांचा विश्वास बसत नाही.

तोवर दुसरे बॉनेटकाका येतात, आणि पंथ पडतात. पहिले पंपवादी: पंप गेलाय, बदला. दुसरे पाइपवादी: परतीचा पाइप कुठेतरी दबलाय, ऑइल अडतंय, म्हणून तापतंय. दोघंही आपापल्या कारखान्याचे दाखले देतात. मेथीची जुडी घेऊन चाललेले तिसरे मध्येच थांबून "रेडिएटरमध्ये पाणी बघितलं का?" विचारतात. त्यांना कोणी उत्तर देत नाही, पण ते थांबतात. दोन्ही पंथांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं: "आजकालच्या मिस्तऱ्यांना काही कळत नाही."

मग द्वारकेकडून तो आजकालचा मिस्तरी येतो. वय पंचविशीच्या आत. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवतो, चाकांत जाम काही नाही याची खात्री करतो आणि मालकाला विचारतो, "गाडी लावता कुठं?"

"भद्रकालीत. वाड्याच्या बोळात."

"आत घालताना पूर्ण कट मारून धरता?"

दुसरा इलाज काय? एवढी लांबलचक गाडी त्या बोळात पुढे-मागे केल्याशिवाय वळणार कशी! आणि रोग तिथेच असतो. स्टेअरिंग टोकाला नेऊन दाबून धरलं, की ऑइलला पुढे जायला वाट नसते. पंप मात्र रेटतच राहतो. दाब वाढला की आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच ऑइल पंपातल्या पंपात फिरून तापतं. त्यात या गाडीच्या टाकीतली जाळीही गाळाने बुजलेली. मिस्तरी जाळी धुतो, जुनं ऑइल काढून नवं भरतो, हवा निघेपर्यंत स्टेअरिंग सावकाश फिरवून घेतो. "कट टोकाला गेला की हात जरासा सैल सोडत जा," म्हणतो आणि पाना पुसतो.

"मी पहिल्यापासून हेच सांगतोय," पंपवादी म्हणतात. पाइपवादीही तेच म्हणतात. हरकत कोण घेणार? तासाभरात दोघांनी मिळून मेथीवाल्यांचं पाणी सोडून सगळंच सांगून झालेलं असतं.

आता बॉनेट बंद होणार. काकांचा चेहरा पडतो. बरी झालेली गाडी त्यांच्या काय कामाची? मालक चावी फिरवतो, इंजिन लागतं, पंपाचा आवाजही नाही. काका खिडकीशी वाकतात.

"क्लच जरा वर धरतोय का हो?"