शेवटची बोट आणि मेंदूतला बदाम

मनोरीकराचा रक्तदाब मोजायचाच असेल, तर तो संध्याकाळी मालाड स्टेशनबाहेर, मार्व्याच्या बसच्या रांगेत मोजावा. तिथे खाडी नसते, बोट नसते. नुसती एक शंका असते : मार्व्याहून खाडीपार मनोरीला नेणारी शेवटची बोट चुकली तर? मग भाईंदर-उत्तनचा वळसा, आणि दारात बायकोचा चेहरा.

समोर ठाकलेल्या संकटाला घाबरण्याचं काम मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला करतो. न आलेल्या संकटाचा घोर बाळगायला त्याच्या शेजारी वेगळं खातं आहे, असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं. त्या खात्याचं नाव एवढं लांबलचक आहे, की ते उच्चारेपर्यंत बोट सुटावी. इथून हुकूम सुटतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात, आणि मी बसच्या रांगेत उभ्या-उभ्या धावायला लागतो. कपाळामागचा शहाणा मेंदू ‘अरे, अजून तासभर आहे’ असं कळवतो. पण शहाण्यांचं ऐकतंय कोण?

अमेरिकेत एक बाई आहे, शास्त्रात ‘एस. एम.’ म्हणून प्रसिद्ध. आजाराने तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झाले. सापाची भीती नाही, भुताची नाही. मग तिला 35 टक्के कार्बन डायऑक्साइड हुंगायला दिला, आणि ती घाबरीघुबरी झाली. म्हणजे घाबरायला बदाम लागतोच असं नाही. 2013 साली हे छापून आलं. संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये आम्ही हाच प्रयोग रोज करून घेतो, तोही पदरचे पैसे भरून, पास काढून.

या घोरावर शेजारच्या काकींचा उपाय ठरलेला. “सर्पगंधेची मुळी घे. डोकं थंड.” काकी अगदीच हवेत बोलत नाहीत. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि जगभरचे डॉक्टर या मुळीकडे वळले. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, मनोरुग्णांनाही दिलं गेलं. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं नॉरअ‍ॅड्रेनालिन, सेरोटोनिन, डोपामिन रिकामं करतं. कोठारच रिकामं, मग घाबरायचं कशाच्या जोरावर? गोम अशी, की काही रुग्णांची भीती गेली आणि त्यांना उदासी येऊन चिकटली.

तेव्हा काळजीने झोप उडत असेल, तर काकींना नव्हे, डॉक्टरांना विचारा. काकींना सुक्या बोंबलाचं विचारा. तिथे त्यांचा शब्द अखेरचा.